वेगाची गाडी, थांबवणारा टायर

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग इथे सगळ्यांना ठाऊक असतात. जळगाव जामोद घाटाखाली, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. एमएच-२८ पाटीची एखादी स्पोर्ट्स कार इथे नांदायला आली, की तिला एकाच दिवसात तीन तऱ्हेचे रस्ते भेटतात. घरापासून नांदुऱ्यापर्यंत काळ्या मातीवर बांधलेला, पावसाळ्यात जागोजागी दबणारा रस्ता. नांदुऱ्याला राष्ट्रीय महामार्ग ५३. मग खामगावहून वर चढून मेहकर गाठलं, की समृद्धी महामार्गाचं काँक्रीट आणि कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा. ऐन वैशाखात सावलीतलं तापमान ४४ अंशांवर जातं आणि दोन महिन्यांनी तोच रस्ता पाण्याखाली असतो.

अशा गाडीचे टायर बदलायची वेळ आली, की मालक हमखास दोन प्रश्न विचारतो : कंपनी कुठली घेऊ आणि रिम एक इंच मोठी करू का? दोन्ही प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते फार लवकर विचारले जातात. त्याआधी एक गोष्ट नक्की करावी लागते. वेगवान गाडीचा टायर आपण वेगासाठी विकत घेत नाही, वेग तर इंजिन देतंच. टायरचे पैसे जातात ते थांबण्यासाठी, वळण्यासाठी आणि तापूनही शाबूत राहण्यासाठी. हे मनात पक्कं असलं, की पुढची निवड सोपी होते.

पोस्टकार्डाएवढ्या जागेचा हिशेब

१,४०० किलोची गाडी धरा. प्रत्येक चाकावर साधारण ३५० किलो भार आला. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असली, तर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.३ किलोचा दाब होतो. भागाकार केला तर कळतं, की एक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम १५० चौरस सेंटीमीटर, पोस्टकार्डापेक्षा थोडा जास्त. ब्रेक, एबीएस, स्टिअरिंग या सगळ्यांचं म्हणणं शेवटी या चार तुकड्यांमार्फतच रस्त्यापर्यंत पोचतं.

आता समृद्धीवरचा वेग घ्या. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. समोर काही दिसलं आणि पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. तिथून पुढचं अंतर टायरच्या पकडीवर ठरतं. कोरड्या रस्त्यावर उत्तम टायरचा घर्षणांक ०.९ धरला, तर गाडी आणखी ६३ मीटरांत थांबते. ०.७ धरला तर ८१ मीटर लागतात. फरक १८ मीटरांचा दिसतो, पण खरा फरक वेगळ्या जागी आहे. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, त्याच ठिकाणी दुसरी अजून ताशी ५६ किलोमीटरच्या वेगात असते. महाग टायर आणि साधा टायर यांच्यातलं खरं अंतर हे आहे.

टायरच्या अंगावरची पत्रिका

दुकानात टायर समोर आला की आधी त्याच्या बाजूवरचे आकडे वाचावेत. उदाहरणार्थ, २२५/४५ आर १७ ९४ डब्ल्यू. पहिला आकडा टायरची रुंदी, २२५ मिलिमीटर. ४५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ४५ टक्के. आर म्हणजे रेडियल, १७ हा रिमचा व्यास इंचांत. ९४ हा भाराचा निर्देशांक, म्हणजे हा टायर ६७० किलो पेलतो. ९१ असता तर ६१५ किलो. शेवटचं अक्षर वेगाचं : एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००.

इथे कुणीही विचारेल, की मर्यादा १२० ची असताना २७० चं अक्षर कशाला? हे अक्षर म्हणजे उष्णतेची परीक्षा पास झाल्याचा दाखला असतो. प्रयोगशाळेत टायरवर भार देऊन तो ड्रमवर वाढत्या वेगाने फिरवतात आणि तो कुठपर्यंत टिकतो ते बघतात. उन्हाळ्यात, पूर्ण भरलेल्या गाडीत, तासन्‌तास एकाच वेगाने धावताना हाच राखीव साठा कामी येतो. म्हणून गाडी बनवणाऱ्याने दिलेल्या अक्षरापेक्षा खालचं अक्षर घेऊ नये आणि भाराचा निर्देशांकही घटवू नये. आपल्या गाडीला काय लागतं, ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर छापलेलं असतं.

त्याच भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२५ असेल, तर टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. हे चार आकडे नवा टायर घेताना विसरायचे नाहीत, कारण दुकानाच्या माळ्यावर उकाड्यात तीन वर्षं पडून राहिलेला टायरही दिसायला नवाकोराच असतो. आयएसआयचं चिन्ह आहे ना, हेही तिथेच बघून घ्यावं. भारतात विकायच्या कार टायरवर ते बंधनकारक आहे.

ऊन, हवा आणि काँक्रीट

अक्षय्य तृतीयेला तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते, तेव्हा उन्हाळा ऐन भरात असतो. दुपारी डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे जातो. याच महामार्ग ५३ च्या अमरावती-अकोला टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीज विक्रम झाला होता. ते काळं डांबर ऊन पिऊन घेतं. त्या मानाने समृद्धीचं फिकट काँक्रीट कमी तापतं. तरीही ‘काँक्रीटवर टायर फुटतात’ हे वाक्य आपण रोज ऐकतो. मग खरं काय?

टायर बाहेरच्या उन्हापेक्षा आतल्या उष्णतेने जास्त तापतो. चाक फिरताना प्रत्येक फेरीला रबर दबतं आणि पुन्हा उलगडतं. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही, काही भाग उष्णता होऊन आतच राहतो. हवा कमी असली की भिंत जास्त वाकते आणि उष्णता आणखी वाढते. तालुक्याच्या रस्त्यावर ४० ते ६० च्या वेगात, मध्येमध्ये थांबत चालणाऱ्या टायरला निवायला सवड मिळते. समृद्धीवर दोन तास सलग १२० ने पळताना ती मिळत नाही. वर्षानुवर्षं लपून राहिलेला जुना कट, कमी हवा, कडक झालेलं रबर हे सगळं तिथे एकदम बाहेर येतं. दोष टायरमध्ये आधीपासून असतो, काँक्रीटवरचा सलग वेग तो फक्त उघडा पाडतो.

अर्थात अपघात झाला की सगळं खापर टायरवर फोडण्याचीही सवय बरी नव्हे. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बस उलटून पेटली आणि २५ जणांचा जीव गेला. टायर फुटल्याचं चालकाने सांगितलं होतं, पण परिवहन विभागाच्या पाहणीत तसा पुरावा सापडला नाही. त्याच वर्षी समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर टायरची तपासणी सुरू झाली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्यांना परत पाठवलं जाऊ लागलं.

उष्णता, कमी हवा आणि वेग एकत्र आले की काय होतं, याचा मोठा धडा अमेरिकेत मिळाला. फायरस्टोन कंपनीला ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत घ्यावे लागले. त्यातले पुष्कळ फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर होते आणि त्या गाडीसाठी फोर्डने सुचवलेली हवा होती अवघी २६ पीएसआय. ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा अशा उष्ण राज्यांत टायरचा वरचा थर आतल्या पोलादी पट्ट्यांपासून सुटून येण्याचे प्रकार जास्त घडले होते.

म्हणून आपल्याकडचा एक समज मोडायला हवा. ‘उन्हाळ्यात हवा दोन-चार पॉइंट कमी ठेवा, नाही तर टायर फुटेल’ हा सल्ला पंक्चरवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे देतात. हिशेब करून बघू. सकाळी सहाला २८ अंशांत ३३ पीएसआय हवा भरली. दुपारी ४४ अंशांत तीच हवा साधारण ३५.५ होते. पळताना आतली हवा ७० अंशांवर गेली, तर ४० च्या आसपास. ही वाढ धरूनच कंपनीने थंड टायरचा आकडा दिलेला असतो आणि चांगला टायर त्याहून बराच जास्त दाब सोसतो. उलट तापलेल्या टायरची हवा काढली, तर थंड झाल्यावर तो कमी हवेचा होतो आणि पुढच्या प्रवासात जास्त वाकून जास्त तापतो. हवा सकाळी, गाडी काढण्याआधी, स्वतःच्या मापकाने तपासावी. पूर्ण भार आणि सलग वेग यांसाठी स्टिकरवर वेगळा, वरचा आकडा दिलेला असेल तर तो पाळावा. नायट्रोजनने नुकसान काही नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. कोरडी साधी हवा आणि नियमित तपासणी एवढ्याने काम भागतं.

पाणी भरलं की

२२ जुलै २०२३ च्या अतिवृष्टीने जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत हाहाकार उडाला. तसा पाऊस रोजचा नसतो, पण आषाढातली एक जोरदार सरसुद्धा महामार्गावर पाण्याचा थर साचवायला पुरते. त्या थरावर टायर तरंगला, की स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं.

अमेरिकेच्या नासा संस्थेत विमानांच्या धावपट्ट्यांवर झालेल्या प्रयोगांतून एक साधं सूत्र निघालं : टायर तरंगायला लागतो तो वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो. पाणी पुरेसं खोल आणि टायर गुळगुळीत असेल, तर ३३ पीएसआयला हा वेग येतो ताशी ९६ किलोमीटर. हवा २४ पर्यंत उतरली असेल तर ८२. म्हणजे कमी हवा उन्हाळ्यात जशी घात करते, तशी पावसाळ्यातही करते.

यातून वाचवतात त्या टायरच्या खाचा. नव्या टायरला त्या साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालतात, पण वेगात चालणाऱ्या गाडीच्या मालकाने ३ मिलिमीटरलाच नव्या टायरची तयारी करावी. रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, त्यामुळे तो तुलनेने लवकर तरंगतो. केवळ देखणा दिसतो म्हणून रुंद टायर घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. ओल्या रस्त्यावरची पकड, आवाज आणि चालताना होणारा रोध यांचे किमान निकष आपल्याकडे एआयएस १४२ या मानकाने घातले. नव्या आराखड्यांसाठी ते ऑक्टोबर २०२२ पासून आणि आधीच्या आराखड्यांसाठी एप्रिल २०२३ पासून लागू करायचं ठरलं. हा उंबरठा आहे. चांगला टायर त्याच्या बराच वर असतो.

मोठी रिम आणि काळी माती

आता एक इंच मोठ्या रिमची गोष्ट. मूळ टायर २०५/५५ आर १६ असेल, तर त्याचा पूर्ण व्यास ६३२ मिलिमीटर भरतो. २२५/४५ आर १७ घेतला तर ६३४ आणि २२५/४० आर १८ घेतला तर ६३७. बाहेरचा व्यास जवळपास तोच राहत असल्याने स्पीडोमीटर फसत नाही आणि गाडीत टायर बसतोही. बदलते ती भिंतीची उंची : ११३, मग १०१, मग ९० मिलिमीटर. भिंत बुटकी झाली की ती वळणावर कमी लवते आणि स्टिअरिंग तत्काळ ऐकतं. सर्किटवर हे सोनं आहे.

नांदुरा रस्त्यावर तीच बुटकी भिंत अडचणीची ठरते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता त्यामुळे लाटेसारखा होतो, कडा तुटतात, साइडपट्टी खाली जाते. खड्ड्याच्या धारदार कडेवर चाक आदळलं, की रिम आणि कडा यांच्यामध्ये भिंत चिमटली जाते आणि आतले धागे तुटतात. बाहेरून जखम दिसत नाही. काही दिवसांनी तिथे फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. अलॉय रिमला चीर गेली तर तो खर्च वेगळा.

रबराची जात

वेगवान टायरच्या रबराला रस्त्याला चिकटायचं असतं, पण फार तापायचं नसतं. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. पूर्वी रबरात भरीसाठी मुख्यतः कार्बन ब्लॅक घालत. मिशेलिनने १९९२ मध्ये सिलिका वापरलेला टायर बाजारात आणला आणि ओल्या रस्त्यावरची पकड राखून उष्णता कमी करण्याची वाट मोकळी झाली. आजचा जवळजवळ प्रत्येक चांगला वेगवान टायर त्या वाटेने आलेला आहे.

भिंतीवर ट्रेडवेअरचा आकडा असेल, तर तो झिजेचा अंदाज देतो. २०० च्या आसपासचे टायर सर्किटसाठी जन्मलेले असतात. कोरड्या, तापलेल्या रस्त्यावर त्यांची पकड अफाट असते, पण ते भराभर झिजतात आणि साचलेल्या पाण्यात बिचकतात. सातपुडा ओलांडून बऱ्हाणपूरमार्गे इंदूरच्या बाजूला गेलं, की पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान चाचणी मार्ग आहे. तशा बंदिस्त जागी त्या टायरची हौस भागते, रोजच्या गाडीला तो नको. साधारण ३०० ते ४०० च्या दरम्यानचे टायर रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला मानवतात. मात्र हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना बेतानेच करावी.

पोर्शेच्या टायरवर एन, मर्सिडीजच्या टायरवर एमओ, बीएमडब्ल्यूच्या टायरवर तारा अशा खुणा असतात. त्या गाडीसाठी घडवलेलं मिश्रण आणि बांधणी असा त्यांचा अर्थ. गाडी तशी असेल तर चारही टायर त्याच खुणेचे घ्यावेत. पण जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत घातली आणि आयातीला परवाना लागू लागला. त्यामुळे मोठ्या, विचित्र मापांचे टायर मागितले की मिळतील असं नाही. जुने पुरते घासायच्या आधीच चौकशी सुरू करावी. मधल्या मापांत मात्र देशी पर्याय वाढले आहेत. १९२४ मध्ये इटलीतल्या ट्युरिनला जन्मलेली आणि १९५८ मध्ये मुंबईत आलेली सीएट कंपनी स्पोर्टड्राइव्ह ही मालिका विकते, अपोलोकडे व्रेडेस्टाइन आहे, ब्रिजस्टोनचा चाकणला कारखाना आहे.

वय आणि बसवणं

शौकाची गाडी वर्षात थोडीच पळते. खाचा खोल दिसतात आणि टायर नवा वाटतो, पण रबर आतून म्हातारं होत असतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्शे कॅरेरा जीटीत गेला, तिचे टायर नऊ वर्षांचे होते. तपासात मुख्य कारण बेफाम वेग हेच ठरलं, तरी टायरच्या वयाची नोंद अहवालात झाली. आपल्या उन्हात पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि सहा-सात वर्षांनी बदल, असा शिरस्ता ठेवावा.

टायर बसवतानाही डोळे उघडे हवेत. काही टायरना फिरण्याची दिशा असते, बाण उलटा गेला तर पाणी नीट बाहेर पडत नाही. काहींच्या दोन बाजू वेगळ्या असतात आणि बाहेरची बाजू तशी छापलेली असते. दोनच नवे टायर घेतले, तर ते मागच्या चाकांना लावावेत. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि ब्रेकने सावरते, मागची सुटली तर ती गिरकी घेते. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट लगेच करून घ्यावी.

शिवाय अशा गाड्यांत स्टेपनी बहुधा नसते. हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल, तर स्टेपनीशिवाय चालतं असा नियम २०२० मध्ये आला. पण भिंत फाटली तर त्या संचाचा उपयोग नाही. हवा गेल्यावरही ताशी ८० ने साधारण ८० किलोमीटर नेणारे रन-फ्लॅट टायर त्यावर उपाय आहेत. त्यांची भिंत ताठ असल्याने खड्डे कमरेला कळतात, आणि गाडी मुळात त्यांच्यासाठी बनवलेली नसेल तर ते लावू नयेत.

मग घ्यावा कोणता?

ज्याची गाडी बहुतेक दिवस घाटाखालीच फिरते आणि महिन्यातून एखाद्या वेळी समृद्धीवर चढते, त्याने रिम मोठी करू नये. कंपनीच्या सर्वांत लहान मंजूर रिमवर यावं आणि वाचलेल्या पैशांत त्या मापातला सर्वांत चांगल्या रबराचा टायर घ्यावा. १६ इंची रिमवरचा उत्तम टायर १८ इंची रिमवरच्या मध्यम टायरपेक्षा आधी थांबवतो आणि खड्डाही सोसतो. ज्याचा निम्म्याहून जास्त प्रवास नागपूर किंवा मुंबईच्या दिशेने समृद्धीवरच होतो, त्याने मूळ मापच ठेवून डब्ल्यू किंवा वाय अक्षर, जास्त भार पेलणारी एक्सएल बांधणी आणि ओल्या रस्त्यावरची चांगली पकड मागावी. पुढे-मागे वेगळ्या रुंदीचे टायर असलेल्या खऱ्या स्पोर्ट्स कारच्या मालकाला निवडीची मोकळीक फारशी नाही. त्याने कंपनीची खूण पाळावी आणि नांदुऱ्यापर्यंतचा रस्ता सावकाश कापावा.

दुकानदाराला विचारायचा क्रम असा : माप आणि अक्षर स्टिकरप्रमाणे आहे का, बनल्याची तारीख कोणती, ओल्या रस्त्यावर कसा आहे, चारही एकाच नमुन्याचे मिळतील का. कंपनीचं नाव आणि भाव यानंतर. आणि बिल चुकतं करताना काही शे रुपयांचा हवेचा मापक सोबत घ्यावा, कारण तो गाडीत नसेल तर वरची सगळी निवड महिनाभरात वाया जाते.